लामा बसला

तीनशे बेचाळीस शब्द होते.
एर्मोहेनेसने ते वहीत उतरवून आणले,
डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे कोरी जागा.
फेर्मिना युख्राने ती कोरी जागा पाहिली, म्हणाली,
"एवढं रान पडीक कुणी ठेवलं?"

एल आल्तोत, जिथे चहा उकळतो पण पोळत नाही,
लोकर संघाच्या खोलीत दोन संगणक आहेत,
बुडालेल्या बँकेतून आलेले.
एकाची एक कळ तुटली, तिथे मक्याचा दाणा चिकटवलाय.
दाबला की अक्षर उमटतं.

आधीचा प्रोग्राम दर जानेवारीत पैसे मागायचा,
नाही दिले की अर्धा पडदा काळा करून बसायचा.
एक वर्ष दिले.
(तेवढ्यात सात मेंढ्या आल्या असत्या,
फेर्मिना अजून ऐकवते.)

हा नवा फुकट आहे, एर्मोहेनेस म्हणाला,
आणि चाळीस बायकांच्या भुवया वर गेल्या.
फुकट म्हणजे निवडणुकीआधीचं तेल.
फुकट म्हणजे महिन्याभराने दारात कुणीतरी उभा.
मग त्याने चूक सुधारली:
फुकट नव्हे, मुक्त.
आतले टाके दिसतात, उसवता येतात,
आपल्या मापाने शिवून पुढे द्यायचं.
"मग आय्नी म्हण की!
आज तू माझ्या बटाट्यांत वाकायचं,
उद्या मी तुझ्या भिंतीचा चिखल तुडवायचा."
(आपल्याकडे सावड म्हणतात, तेच.)

'साठवा' सोपं निघालं.
रात्री थंडीत गोठवून, पायांनी तुडवून,
उन्हात वाळवलेला बटाटा वर्षानुवर्षं ठेवतात,
त्या ठेवण्याचं क्रियापद घेतलं.
'प्रोग्राम थांबला'ला ती थबकलीसुद्धा नाही:
लामा बसला.
ओझं फार झालं की बसतो, मारून उठत नाही.
उतरवायचं, जरा दम खाऊ द्यायचा, पुन्हा लादायचं.
एर्मोहेनेसने खालची सूचना वाचली.
तेच लिहिलं होतं, फक्त लांबलचक.
'पासवर्ड'ने दोन दिवस खाल्ले
आणि शेवटी घरजावयासारखा तसाच राहिला.

दोनशे अठ्ठ्याऐंशीवर सगळं अडलं.
'मागे' आणि 'पुढे'.

आयमारात होऊन गेलेलं समोर असतं,
त्याला डोळ्याचाच शब्द आहे.
यायचं ते पाठीशी, कारण दिसत नाही.
मग मार्चचा हिशेब 'मागे' कसा?
फेर्मिना खुर्चीवरून उठली.
"माझा नवरा इथे," तिने नाकासमोर तळहात धरला,
थोडा वेळ तसाच.
"आणि सोमवार इथे," अंगठा खांद्यावरून पाठीकडे.
"तुझा बाण खोटं बोलतो."

जुन्या प्रोग्रामसमोर मान डोलावून गप्प बसलो असतो, त्याने मला सांगितलं.
हा उघडा होता.
पहाटेपर्यंत शोधून त्याने ती ओळ काढली
आणि बाण उलटा केला.

आठवडाभर गोंधळ.
फोन वापरणाऱ्या पोरी मार्च शोधायला जात
आणि अजून न उगवलेल्या जूनमध्ये पोचत.
धाकटी सून म्हणाली, "आई, जगात असं नाही चालत."
"जग इथे लोकर विकायला येतं का?"
दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग बाणच काढला.
दोन बटणं राहिली: झालेलं. यायचं.
कुणी जिंकलं नाही. हिशेब मात्र जुळला.

बदल बांधून पाठवला,
मूळ शिवणाऱ्यांकडे, ज्यांचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं.
नऊ दिवसांनी उत्तर आलं,
एल आल्तोत दुपार असताना
जिथे मध्यरात्र असते, अशा कुठूनतरी:
घेतला, आभार, बाण आम्हालाही नेहमी खटकायचा.
खाली एक प्रश्न होता:
हा लामा का बसलाय?

फेर्मिना तेव्हापासून उत्तर सांगते आहे.
एर्मोहेनेसचं तिसरं पान भरत आलंय
आणि लामा अजून
डोंगर चढतोच आहे.